जावयाचं आकाश

पिशवीवाल्या काकूंना मुलगी नाही, तरी त्यांच्या घरात अकरा वर्षं जावई नांदत होता. घरजावईच म्हणायचा तो. जिन्याखालच्या कोठीत फतकल मारून बसलेला, दिवसरात्र वीज खाणारा आणि तोंडातून चकार शब्द न काढणारा. हे नाव काकूंच्या नवऱ्यानं ठेवलेलं. त्यांनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला, म्हणून सगळी इमारत त्यांना लिफ्टवाले म्हणायची. निवृत्त झाल्यापासून हातांना काम उरलं नाही, त्याची भरपाई जीभ करत होती. "मुलगे दोन, दोघंही परगावी. मुलगी एकही नाही. जावई मात्र पदरात पडलाय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

जावई म्हणजे भूकंपाची नोंद घेणारं यंत्र. दोन भाग त्याचे. एक जाडजूड लोखंडी डबा, कोठीच्या फरशीत पक्का बसवलेला. तो जमिनीची थरथर टिपायचा. शेजारी एक पेटी, ती ही थरथर लिहून ठेवायची आणि भूकंप मोजणाऱ्या केंद्राला पाठवायची. भूकंप केंद्राची माणसं घर शोधत आली तेव्हा त्यांना तळमजला हवा होता, खाली तळघर नको होतं, आणि घरातली बाई टापटिपीची हवी होती. काकूंकडे तिन्ही गोष्टी होत्या, तिसरी जरा जास्तच.

काकू पिशव्या शिवतात. शाळेच्या, बाजाराच्या, पण मुख्य म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या. आतून चंदेरी अस्तर लावलेल्या, डबा तासन्‌तास गरम ठेवणाऱ्या. त्यांच्या घरात उघडी वस्तू सापडायची नाही. मिक्सरला टोपी, टीव्हीला झालर, टेलिफोनला झबलं. "अजून मला काही शिवलं नाहीस, तेवढं बरंय," लिफ्टवाले म्हणायचे. काकूंनी त्यांच्या काठीच्या मुठीला गादी शिवली तेव्हापासून तेही बोलणं बंद झालं.

आता एवढ्या पिशव्या शहरभर हिंडतात, पण त्या कुणी शिवल्या हे कुणाला ठाऊक? काकूंनाही त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. पण आठ वर्षांपूर्वी लांबच्या डोंगरात एक बारीकसा भूकंप झाला आणि दुसऱ्या दिवशी केंद्रातून मॅडमचा फोन आला. "काकू, तुमच्या घरची नोंद नसती ना, तर आम्हाला जागा काढताच आली नसती. सतरा नंबर, एकदम स्वच्छ नोंद." सतरा नंबर म्हणजे काकूंचं घर. त्या दिवशी काकूंनी तीन पिशव्या उलट्या शिवल्या आणि संध्याकाळी आनंदानं उसवल्या. आपल्या घरात काहीतरी घडतं आणि त्याची दखल कुठेतरी घेतली जाते, ही गोष्ट त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून राहिली.

मॅडम म्हणजे फोनवरचा आवाज. महिन्यातून एकदा यायचा, पेटीबद्दल दोनचार प्रश्न विचारायचा आणि ठेवायचा. अकरा वर्षांत गाठ म्हणून पडली नव्हती.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात इमारतीला रंग लागला. मालकानं बाहेरच्या भिंतीवरचं सगळं उतरवलं. कपड्यांच्या दोऱ्या, कुंड्यांचे स्टँड, जुन्या वायरींची जाळी, आणि त्याबरोबर जावयाचा अँटेनाही. "भिंतीला आता एक खिळासुद्धा नको," असं त्यानं हात जोडून बजावलं. भिंत खरंच देखणी दिसत होती, म्हणून काकूही भांडल्या नाहीत. अँटेना म्हणजे काड्यापेटीएवढा काळा चौकोन, खाली लोहचुंबक, मागे काळी वायर. काकूंनी तो पुसून कोठीतच पेटीवर ठेवून दिला. आपल्या पोराला पावसातून घरात घ्यावं तसं त्यांना वाटलं.

त्या दिवसापासून पेटीवरचा हिरवा दिवा नारिंगी झाला.

तीन-चार दिवसांनी मॅडमचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण बातमी बरी नव्हती.

"काकू, तुमच्या पेटीची वेळ हरवलीय. अँटेना आकाशातल्या उपग्रहांकडून वेळ घेतो. घरात त्याला ते दिसत नाहीत."

"म्हणजे घड्याळ मागेपुढे झालंय? लावते की मी. भिंतीवरचं बरोबर आहे आमचं."

मॅडम हसल्या. "तेवढ्यानं नाही भागत. जमीन कधी हलली हे सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत कळावं लागतं. चार घरांच्या वेळा ताडून आम्ही भूकंपाची जागा काढतो. वेळ नसेल तर ती नोंद टाकून द्यावी लागते."

"टाकून?"

"हो. आणि काकू, वरून हुकूम आलाय. आज सोमवार. पुढच्या गुरुवारपर्यंत दिवा हिरवा झाला नाही, तर यंत्र उचलून नदीपलीकडच्या एका शाळेत बसवायचं आहे. मी स्वतः गाडी घेऊन येईन."

काकूंनी फोन ठेवला आणि त्याचं झबलं सारखं केलं. मग कोठीत जाऊन नारिंगी दिव्यासमोर उकिडव्या बसल्या. आपलं आपल्यालाच त्यांना हसू येत होतं. यंत्र ते, उद्या नेलं तर कोठीत कापडाचे गठ्ठे तरी ठेवता येतील. पण गठ्ठे नको होते त्यांना. त्यांना जावई हवा होता.

"जाऊ दे की त्याला शाळेत," लिफ्टवाले दारातून म्हणाले. "शिकेल तरी काहीतरी." काकूंनी नुसतं वळून पाहिलं. पन्नास वर्षांच्या संसारात ती नजर त्यांनी चारदोनदाच पाहिली होती. ते मुकाट्यानं आत गेले आणि आपली जुनी हत्यारांची पिशवी घेऊन आले.

मॅडमनी फोनवर तीन गोष्टी सांगितल्या होत्या. अँटेनाला जमेल तेवढं मोठं आकाश दिसू द्या. सिमेंटची भिंत, लोखंडाचे गज आणि वरचा छज्जा टाळा. आणि वायर मधे जोडू नका, जोडली की कस कमी होतो. काकूंनी गळ्यातली टेप काढून वायर मोजली. एकशे सत्त्याण्णव इंच. म्हणजे कापड मोजून मिळालंय, त्यात बसवायचा आहे झगा, हे त्यांना चटकन समजलं.

मग त्यांनी आपल्या पद्धतीनं काम सुरू केलं. कटिंगच्या कागदावर घराचा नकाशा काढला, कोठी एका कोपऱ्यात, आणि वायर पोचेल तिथपर्यंत खडूची रेघ. रेघेच्या आत जिथे जिथे आकाशाची शक्यता, तिथे एकेक फुली. पेटीवर दिव्याशेजारी एक आकडा दिसायचा. किती उपग्रह सापडले त्याचा. चार तरी हवेत. लिफ्टवाले अँटेना धरून उभे राहायचे, काकू पेटीपाशी बसायच्या.

"किती?"

"एक."

"आता?"

"एकच. जरा उजवीकडे घ्या. अहो, तुमचं उजवं!"

ही घाई त्यांनी पहिल्याच दिवशी सोडली. जागा बदलली की आकडा लगेच बदलत नाही, निदान पंधरा मिनिटं दम धरावा लागतो. शिवाय उपग्रह एका जागी बसून राहत नाहीत. सकाळी तीन दाखवणारी खिडकी दुपारी एकावर यायची. म्हणून काकूंनी प्रत्येक फुलीपाशी सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन आकडे लिहायला घेतले. आधी कच्चा टाका, मग पक्की शिलाई. अंगावर चढवून पाहिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही पक्कं केलं नव्हतं.

पुढच्या खोलीची खिडकी मोठी, पण वर छज्जा. दोन, एक, दोन. पोलादी कपाटाचा माथा, लिफ्टवाल्यांची खास शिफारस, कारण उंचावर. शून्य, एक, शून्य. कपाट उंच असलं तरी खोलीच्या पोटात होतं आणि वरच्या पाच मजल्यांचं सिमेंट त्याच्या डोक्यावर होतं. न्हाणीघराचा झरोका, एक, एक, एक. लिफ्टवाले म्हणाले, "निदान एकनिष्ठ आहे."

उरली स्वयंपाकघराची खिडकी. तिच्यावर छज्जा नव्हता आणि समोर मोकळं मैदान होतं. खालच्या निम्म्या भागाला लोखंडी गज, वरच्या भागाला नुसती पक्की बसवलेली काच. त्या काचेला लागून एक लाकडी फळी होती, चहासाखरेच्या डब्यांची. जागा सोन्यासारखी. पण दारांना वळसे घालत वायर नेली तर ती नऊ इंच कमी पडत होती.

नऊ इंचांपायी कपडा सोडून देणारी शिंपीण काकू नव्हेत. त्यांनी नकाशा आडवा धरला, उभा धरला, मग कोठी आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे छताजवळ जुना धुराड्याचा भोकसा होता, कधीचा फळी ठोकून बंद केलेला. लिफ्टवाल्यांनी स्टुलावर चढून फळी काढली. चढताना गुडघे कुरकुरले, पण ते स्वतः खुशीत शीळ घालत होते. वायर तिरकी गेली, सगळे वळसे वाचले. चहासाखर दुसरीकडे हलली आणि अँटेना फळीवर बसला.

काकू कोठीत पळाल्या. तीन. पुन्हा पंधरा मिनिटं. चार. मग पाच. दिवा हिरवा झाला.

बुधवार होता. हातात आठवडाभर वेळ होता. काकूंनी मॅडमना कळवलं, तिकडून "वा!" असा उद्गार आला, "पण रोज टिकला पाहिजे हं, काकू. पुढच्या गुरुवारी मी बघायला येतेच आहे."

आता अशी आनंदाची गोष्ट घडल्यावर काकू काय करणार? खिडकीतून ऊन थेट फळीवर येत होतं. फोडणीची वाफ होती, तेलाचा चिकटा होता, आणि तो बिचारा काळा चौकोन उघडाबोडका बसलेला. दुसऱ्याच दिवशी सकाळी उठून त्यांनी त्याला एक सुबक टोपी शिवली. चारही बाजूंनी बंद, वायरीपुरती खाच, आत कापूस, आणि ऊन लागू नये म्हणून दोन थरांचं चंदेरी अस्तर. डब्यांच्या पिशव्यांतलं उरलेलं. टोपी अशी बेतशीर बसली की लिफ्टवाल्यांनीही मान डोलावली. दुपारपर्यंत दिवा नारिंगी.

त्यानंतरचे तीन दिवस या घरानं कधी पाहिले नव्हते. काकूंना टोपीचा संशय येण्याचं कारणच नव्हतं. टोपी घातल्यानं आजवर कशाचं वाईट झालंय? लिफ्टवाल्यांनी आधी वरच्या मजल्यावरच्या नव्या पंख्यावर आळ घेतला. मग ढगांवर. मग उपग्रहांवर, की तेच बंद पडले असतील. दोघांनी अँटेना फळीच्या डाव्या टोकाला नेला, उजव्या टोकाला नेला, काचेला चिकटवला, डब्यावर डबा रचून उंच केला. दर वेळी टोपीसकट, अगदी जपून. आकडा शून्याच्या वर जाईना. रविवारी संध्याकाळी काकूंनी सगळ्या फुल्या पुन्हा एकदा तपासल्या आणि कागद घडी घालून ठेवून दिला. त्या दिवशी त्या फारशा जेवल्या नाहीत.

"अगं, एवढं काय जिवाला लावून घेतेस," लिफ्टवाले म्हणाले. या वेळी जावयावरचा विनोद त्यांनी गिळला.

"माझी मुलं माझ्या शिवणावर मोठी झाली, आणि गेली. त्याचं काही नाही, जायचंच असतं. पण हे एक होतं बघा, मी घरात बसूनसुद्धा कुणाच्या उपयोगी पडत होते." एवढं बोलून त्या भांडी घासायला उठल्या.

सोमवारी खानावळवाली बाई आली, वीस पिशव्या न्यायला. बाई चोखंदळ. पिशवी उलटी करून अस्तर चिमटीत धरून म्हणाली, "काकू, डबा गरम राहील ना नक्की? मागच्या वेळी दुसरीकडून घेतल्या, तासाभरात गार."

काकूंना हे बोलणं तोंडपाठ होतं. गेली सात वर्षं त्या तेच सांगत होत्या. "निर्धास्त न्या. हे साधं कापड नाही, धातूचा मुलामा आहे त्याला. आतलं बाहेर जात नाही आणि बाहेरचं काही म्हणजे काही आत..."

आणि काकू थांबल्या. तोंड उघडंच. खानावळवालीला वाटलं काकूंना चक्कर आली. तिनं पाण्याचा ग्लास पुढे केला तोवर काकू स्वयंपाकघरात पोचल्या होत्या. हात वर करून त्यांनी टोपी ओढून काढली.

"अहो! आकडा बघा, आकडा!"

"शून्य," लिफ्टवाले कोठीतून ओरडले. मग बराच वेळ काही नाही. मग, "दोन!" मग, "अगं, चार झाले!"

काकू फळीला टेकून हसत सुटल्या. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. स्वतःच्या हातानं, मापात, दुहेरी शिलाई घालून त्यांनी जावयाचे डोळे बांधले होते. खानावळवालीला कशाचाच पत्ता नव्हता, पण पिशव्या उत्तम आहेत याबद्दल मात्र तिची खात्री पटली.

मॅडमना फोन करून काकूंनी गुन्हा कबूल केला. पलीकडे इतका मोठा हशा झाला, की लिफ्टवाल्यांनाही ऐकू गेला.

"काकू, धातू वर नको, खाली हवा! वर असला की आकाश झाकतो. पण खाली सपाट पत्रा असेल ना, तर फरशीवरून, भिंतीवरून आपटून येणारा गोंधळ अडतो आणि वरून येणारं जास्त चांगलं पकडलं जातं. वीतभर रुंद पुरे. अँटेना मध्यावर ठेवा, आणि पत्रा आडवा, अगदी समतल."

वीतभर सपाट पत्रा! लिफ्टवाल्यांनी अख्खं स्वयंपाकघर पालथं घातलं. पातेल्यांची झाकणं मधे फुगलेली, ताटल्यांना खोलगट बूड. एक झाकण तर त्यांनी हातोडीनं सपाट करायला घेतलं, ते काकूंनी वेळीच वाचवलं. शेवटी काकूंच्या बटणांच्या डब्याचं झाकण निघालं. चौकोनी, वीतभर, आरशासारखं सपाट, आणि लोखंडी, त्यामुळे अँटेनाचं लोहचुंबक त्याला टपकन चिकटलं. मधोमध हवं म्हणून काकूंनी कर्णांच्या रेघा मारल्या. लिफ्टवाल्यांनी पाणसळ लावून, पुठ्ठ्याचे कपटे सारत ते आडवं केलं. लिफ्टचा पाळणा समतल करायला आयुष्यभर हीच पाणसळ वापरली होती. बुडबुडा मधोमध येईपर्यंत त्यांनी कुणाला बोलू दिलं नाही.

सहा. सात. संध्याकाळपर्यंत आकडा आठ. मंगळवारी दिवसभर सातच्या खाली आकडा उतरला नाही. बुधवारी काकू दर तासाला कोठीत डोकावत होत्या. त्या दिवशी शिवण फार झालं नाही.

गुरुवारी अकराच्या सुमारास गाडी आली. मॅडम आवाजापेक्षा बुटक्या निघाल्या, चाळिशीच्या, केसांत पांढरी बट. मागून ड्रायव्हर एक मोठा रिकामा खोका घेऊन आला. लिफ्टवाले नेमके कोपऱ्यावर दूध आणायला गेले होते. मॅडम कोठीत शिरल्या, पेटीसमोर उकिडव्या बसल्या आणि घड्याळ लावून वीस मिनिटं आकडा बघत राहिल्या. मग वायरीवरून बोट फिरवत भोकशापर्यंत आल्या, स्वयंपाकघरात गेल्या, फळीवरचं झाकण पाहिलं, कपटे पाहिले, काकूंचा नकाशाही उघडून वाचला.

"आमच्या माणसांनीसुद्धा इतकं नीट केलं नसतं," त्या म्हणाल्या. मग ड्रायव्हरला हाक मारली, "खोका गाडीत ठेवा. रिकामाच."

 काकूंनी चहा टाकला. मॅडम दाराकडे पाठ करून खुर्चीत बसल्या. बाहेर नुसती पावलं वाजत होती, दारात अजून कुणी दिसतही नव्हतं, तेवढ्यात कप तोंडाशी नेता नेता त्या म्हणाल्या, "काका आले."

आणि दारात लिफ्टवाले उभे, हातात दूध.

"तुम्हाला कसं कळलं?" काकूंनी विचारलं. "तुम्ही तर यांना कधी पाहिलं नाही."

मॅडम जरा ओशाळल्या. "पावलं ओळखीची आहेत, काकू. डावा पाय जोरात पडतो. दोन पायऱ्या चढल्या की क्षणभर थांबतात. अकरा वर्षं रोज बघतेय मी कागदावर. तुमचं मशीन साडेनऊला सुरू होतं, तेही दिसतं."

"अगंबाई! म्हणजे आम्ही चालून चालून तुमच्या नोंदी खराब करत होतो?"

"खराब कसल्या. ते आम्ही वजा करतो. पण वजा करायला आधी ओळखावं लागतं ना." त्यांनी कप खाली ठेवला. "गेले काही दिवस पावलं येत होती, पण कुठल्या वेळची, तेच कळत नव्हतं. मला करमत नव्हतं, खरं सांगायचं तर."

काकूंनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. मग मॅडमच पुन्हा म्हणाल्या, "मागच्या थंडीत नऊ दिवस काकांची पावलं नव्हती. नुसती तुमचीच, तीही भलभलत्या वेळी. मशीन बंद."

काकूंना ते नऊ दिवस आठवले. लिफ्टवाले दवाखान्यात होते, छातीत दुखलं म्हणून. त्यांनी परगावच्या मुलांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. पण त्या दिवसांत एकदा फोन आला होता, पेटीच्या वायरी घट्ट आहेत का म्हणून. महिन्याचा फोन नुकताच होऊन गेला होता, म्हणून काकूंना नवल वाटलं होतं. वायरी घट्ट आहेत, असं सांगून त्यांनी तो ठेवला होता.

"दुसरं काय विचारणार होते मी?" मॅडम म्हणाल्या. "ओळख ना पाळख. म्हणून वायरींचं विचारलं. दहाव्या दिवशी काकांची पावलं परत आली. हळू पडत होती, पण त्यांचीच. त्या दिवशी मी केंद्रात सगळ्यांना चहा पाजला, आणि कशाबद्दल ते कुणाला सांगितलं नाही."

 लिफ्टवाले दुधाची पिशवी हातात धरून तसेच उभे राहिले. काकूंनी ती त्यांच्या हातातून घेतली, ओट्यावर ठेवली, आणि मॅडमना न विचारता त्यांच्यासाठी जेवणाचं ताट काढलं.